तेराशे सत्तेचाळीस

रविवारी सकाळी इमारतीच्या तळमजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी लॅपटॉप पोटाशी धरून उभं होतं, कुणी अख्खा कंप्युटर वायरींसकट चादरीत गुंडाळून आणला होता. आजारी लेकराला दवाखान्यात न्यावं तशी माणसं रांगेत होती आणि एकमेकांना लक्षणं सांगत होती.

"आमचा सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो."

"सुरू तरी होतो ना? आमचा नुसता गरम होतो."

समोरच्या टेबलामागे तो बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, त्यावर कुणालाच न कळणारी अक्षरं. सगळे त्याला 'सर' म्हणत. टेलरआजी मनातल्या मनात त्याला बुवा म्हणायची, कारण तो आधी कंप्युटरची वायर दोन बोटांत धरायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "नाडी मंद आहे."

मग तो चंदेरी पेनड्राइव्ह लावायचा. पडदा रक्तासारखा लाल व्हायचा, त्यावर आकडे धावायचे, नावं सरकायची आणि शेवटी मोठ्या अक्षरांत यायचं : १३४७ व्हायरस सापडले. खोलीतून "अरे बाप रे" असा आवाज उठायचा. बुवा काळं फडकं काढून स्वतःच्या डोक्यावरून पडद्यावर ओढायचा. आत बोटांची टकटक. पाच मिनिटांनी फडकं बाजूला, पडदा हिरवा आणि यंत्र वाऱ्यासारखं पळायला लागलेलं. फी रोख.

"माणसाला ताप येतो तसा यंत्रालाही येतो," तो सांगायचा. "व्हायरस डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं समजू नका. आणि पथ्य एकच. पडद्यावर काही विचारलं तर वाचत बसू नका, 'हो' दाबा. शंका घेतली की उपचार उलटतो."

इंजिनियर, वकील, बँकेतून निवृत्त झालेला सेक्रेटरी, सगळ्यांनी माना डोलावल्या. शिकलेली माणसं ती. त्यांना 'वाचू नका' म्हटलं, त्यांनी वाचलं नाही.

टेलरआजीला ते पथ्य जमण्यासारखं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं तिनं शिलाई मशीन चालवलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात बसून अक्षर ओळखलं. एकेक अक्षर तिनं घाम गाळून मिळवलेलं. त्यामुळे दिसेल ते ती बोट फिरवत वाचायची, दुकानाची पाटी असो की औषधाची चिठ्ठी, आणि हाताला वळण राहावं म्हणून मापांच्या वहीत उतरवूनही ठेवायची. सुनेचा लॅपटॉप टेबलावर आला तेव्हाही तिनं वही काढली. लाल पडद्यावरून सावकाश सरकणारी यादी ती लिहीत गेली : लग्नाचे फोटो ११२, बँकेचे कागद ४०, मुलांचे निबंध ३१, दवाखान्याचे रिपोर्ट ६७.

"अगं, मुलांचे निबंध?" तिनं सुनेला हळूच विचारलं. "आपल्या घरात मूल कुठंय?"

"असेल काहीतरी, आई. आत्ता नको ना." सुनेचं लक्ष पडद्यावरच्या आकड्यांवर होतं.

तिचंही चुकत नव्हतं. शुक्रवारी अकराला तिची नोकरीसाठीची परीक्षा होती, घरून, याच लॅपटॉपवर. पहिल्या खेपेला अर्ध्या पेपरात यंत्र अडकलं, पडद्यावर चक्र फिरत राहिलं आणि वेळ संपला. आता ही शेवटची संधी. ही गेली की त्या नोकरीचं दार कायमचं बंद.

त्यांच्यामागे तिसऱ्या मजल्यावरचे गायनमास्तर होते. बुवानं त्यांची वायर बोटांत धरली आणि मान हलवली. "सगळी लागण गाण्यांत आहे. फायली काढाव्या लागतील, नाहीतर यंत्र वाचत नाही."

"त्यात शिष्यांची तीस वर्षांची ध्वनिमुद्रणं आहेत हो," मास्तर म्हणाले. "आणि आमची ही गेली, तिचा आवाज. मधूनच दारातून सांगते, चहा गार होतोय."

"मोह सोडा, मास्तर. 'हो' दाबा."

मास्तरांनी 'हो' दाबलं.

आजीच्या ओठांवर आलं होतं. मुलांचे निबंध कुठून आले, हे तेवढं विचारायचं होतं. पण एवढ्या शिकलेल्या माणसांत आपण, अठ्ठावन्नाव्या वर्षी अ-आ-ई गिरवलेली बाई, काय बोलणार? ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा राग पुढं चार दिवस तिच्या डोक्यात घुमत राहिला.

बुधवारी सकाळी लॅपटॉप पुन्हा आडवा झाला. सराव परीक्षेचं पान उघडायला घड्याळानं चार मिनिटं. सुनेनं बुवाला फोन लावला.

"व्हायरस मुरलाय," तो म्हणाला. "उद्या चारला येतो. सगळं पुसून कोरं करावं लागेल."

"अहो, माझी सगळी टिपणं त्यात आहेत. परवा परीक्षा आहे."

"मग ठरवा, टिपणं हवीत की परीक्षा."

फोन ठेवून सून खुर्चीत बसली ती रडायच्या बेतात. आजीनं स्टूल ओढलं.

"रडायला परवा दुपारी वेळच वेळ आहे. आधी मला सांग, हे आत काय काय चाललंय ते बघता येतं का?"

"येतं की. चालू कामांची यादी असते."

"मग उघड. आणि मी वाचीन. तू वाचू नकोस, तू भरभर वाचतेस."

आजीनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. 'रक्षक' असं एक नाव लागलं. थोडं खाली 'महारक्षक'. आणखी खाली 'रक्षाकवच'.

"हे तीन राखणदार कशाला?"

"पहिला कंप्युटरबरोबरच आला होता. बाकीचे..." सून थांबली. "बाकीचे सरांनी घातले असतील. मागच्या महिन्यात एक आणि रविवारी एक. काहीतरी विचारलं होतं खरं, मी 'हो' दाबलं."

"आणि हे राखणदार करतात काय?"

"कुठलीही फाईल उघडली की आधी ती तपासतात. मगच आपल्याला देतात."

"म्हणजे एका दारावर तीन पहारेकरी. प्रत्येक जण आल्यागेल्याची झडती घेणार, आणि वर दुसऱ्या पहारेकऱ्यालाच चोर समजून त्याचीही. अगं, अशा घरात सासूसुद्धा संध्याकाळपर्यंत आत यायची नाही."

सून पहिल्यांदा हसली. "दोन्ही एकदम काढून टाकू?"

"मुळीच नाही." आजीचा आवाज मशीनवर बसायची तेव्हासारखा झाला. "धागा तुटतो म्हणून सुई, धागा, ताण सगळं एकदम बदललंस तर मशीन चालेल, पण खोट कशात होती ते जन्मात कळायचं नाही. एका वेळी एक. काढ, घड्याळ बघ, लिही."

एक काढला, लॅपटॉप बंद करून चालू केला. पान उघडायला दोन मिनिटं. दुसरा काढला. वीस सेकंद. पहिला, मूळचा राखणदार तसाच ठेवला, कारण दाराला एक पहारेकरी लागतोच.

"पण मग रविवारी इतका पळत कसा होता?" सून पुटपुटली आणि शोधायला लागली. ठरल्या वेळी आपोआप सुरू होणाऱ्या कामांची एक यादी असते, ती तिनं उघडली. आत बुवाच्या दोन्ही राखणदारांची नावं अजून पडून होती आणि त्यांच्यापुढं वेळ होती : बुधवार, सकाळी नऊ.

दोघींना एकदमच उलगडलं. फडक्याखाली बुवा आपलेच राखणदार झोपवत होता आणि तीन दिवसांनी त्यांना उठवायची वेळ लावून जात होता. रोग त्याचा, उतारा त्याचा आणि रोग परत येण्याचा मुहूर्तही त्याचाच.

सुनेनं ती दोन्ही नावं पुसली. आजीनं मापांची वही उचलली आणि थेट सेक्रेटरीचं दार गाठलं.

गुरुवारी चारला खोली पुन्हा भरली; बुधवारी सगळ्यांचेच कंप्युटर आडवे झाले होते. बुवानं सुनेच्या लॅपटॉपकडं हात नेला.

"आमचं राहू द्या," आजी म्हणाली. "आधी इमारतीच्या ऑफिसचा बघा. फार मंद झालाय."

सेक्रेटरीनं जुन्या आवरणातून एक लॅपटॉप काढून पुढं ठेवला. बुवानं वायर धरली, डोळे मिटले. "अरेरे. नाडी लागतच नाही."

पेनड्राइव्ह लागला. पडदा लाल झाला. आजी उभी राहिली, वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"आता येतील लग्नाचे फोटो, एकशे बारा."

पडद्यावर आलं : लग्नाचे फोटो ११२.

"मागोमाग बँकेचे कागद, चाळीस."

बँकेचे कागद ४०.

"मग मुलांचे निबंध, एकतीस. त्यानंतर दवाखान्याचे रिपोर्ट, सदुसष्ट. आणि शेवटी तेराशे सत्तेचाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही."

पडदा मुकाट्यानं तिच्या मागून येत राहिला.

"हा योगायोग..." बुवानं सुरुवात केली. "एकाच इमारतीत लागण सारखीच असते. शास्त्र आहे त्यामागे."

"सेक्रेटरी, हा लॅपटॉप कधी आणला?"

"आज सकाळी अकराला खोक्यातून काढला," सेक्रेटरी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "यात अजून एक अक्षर टाइप केलेलं नाही."

"मग यात लग्न कुणाचं झालं?" आजीनं विचारलं. "आणि ती मुलं पाच तासांत निबंध लिहिण्याएवढी मोठी पण झाली?"

मागून कुणी तरी हसलं. आजी हसली नाही.

"ही व्हायरसची मोजणी नाही. हा सिनेमा आहे. कुठंही लावा, तोच खेळ." तिनं राखणदारांची आणि बुधवारची गोष्ट सगळ्यांना सांगितली. सुनेनं घरोघरचे कंप्युटर उघडून दाखवले. प्रत्येकात तेच पाहुणे, तीच वेळ. बुवा उठून दाराकडं सरकला. दारात गायनमास्तर उभे होते, बारीक चणीचे, सत्तरीचे. ते नुसते उभे राहिले.

"माझी ध्वनिमुद्रणं," ते म्हणाले. "त्यांना काय झालं होतं?"

बुवा बाजूनं निसटायला बघत होता.

"विचारतोय मी. काय झालं होतं?"

"काही नाही," बुवा म्हणाला. "जागा अडत होती. आणि काहीतरी काढलं की लोकांचा विश्वास बसतो."

बुवा आणि त्याचा पेनड्राइव्ह त्याच संध्याकाळी पोलिसांच्या हवाली झाले. पण आजीचा राग काही उतरला नाही, आणि तो एकट्या बुवावर नव्हताही.

"तो लबाड, त्याचं पोटच लबाडीवर," ती खोलीतल्या लोकांना म्हणाली. "तुम्हाला काय झालं होतं? व्हायरस नसतो असं मी म्हणत नाही. ताप असतो, म्हणून अंगारा देणारा खरा ठरत नाही. 'वाचू नका' म्हणणाऱ्याला तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं, का रे बाबा, का नको? मला हे वाचायला अठ्ठावन्न वर्षं लागली. तुम्हाला सहाव्या वर्षी फुकट मिळालं, आणि तुम्ही ते त्याच्या फडक्याखाली झाकून ठेवलंत. आणि मीही रविवारी गप्प बसले. ते माझं पाप."

शुक्रवारी अकराला सून परीक्षेला बसली. आजी दाराबाहेर स्टुलावर घड्याळ घेऊन बसली होती. दोन तासांत लॅपटॉप एकदाही अडला नाही. सून बाहेर आली, म्हणाली, "सगळे प्रश्न सोडवले. निकाल माझ्या डोक्यावर, यंत्राच्या नाही." आजीला तेवढंच हवं होतं.

दुपारी मास्तर आले. सुनेनं त्यांचा कंप्युटर उलथापालथा करून शोधला होता, पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं होतं. चहा गार होतोय म्हणणारा आवाज परत यायचा नव्हता.

"आजी," मास्तर म्हणाले, "पुढं कधी पडद्यावर काही विचारलं, तर तुम्हाला बोलावू का? वाचून दाखवाल?"

"दाखवीन की," आजी म्हणाली. "पण मास्तर, तुम्हाला वाचता येतं."