भिंतीसकट

पोटातल्या महाधमनीची भिंत सोनोग्राफीच्या पडद्यावर जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची दिसते. काळ्या रक्ताभोवती करडी कड. माप घेताना अधिकाची दोन चिन्हं समोरासमोर ठेवायची असतात. ती कडेच्या आत ठेवली तर एक आकडा येतो, बाहेर ठेवली तर चारने मोठा. दोन्ही रीती पुस्तकात आहेत. आमच्या विभागात बाहेरून मोजतात. बाबांचं मी वर्षभर आतून मोजत होते.

घरच्या माणसाची तपासणी आम्ही करू नये असं होतं, पण बाबा दुसऱ्या कुणाला पोटाला हात लावू देत नसत. त्यांचा जन्म बॉयलर तपासण्यात गेला होता. "झडप आणि पाइप एकाच लाइनवर गेलेत," असं स्वतःच्या दुखण्याचं वर्णन ते पाहुण्यांना ऐकवायचे. ते अचूक होतं. हृदयाच्या तोंडाशी असलेली झडप कडक होऊन अरुंद झाली होती आणि तिथून निघालेली धमनी खाली पोटात फुगली होती.

आता ही दोन्ही कामं चिरफाड न करता, जांघेतून नळी सरकवून होतात. अडचण होती ती वेळेची. झडप आधी मोकळी करावी, तर रक्ताचा जोर वाढून फुगा फुटायची भीती. फुगा आधी आवरावा, तर अडलेलं हृदय ते सोसेल याचा भरवसा नाही. झडपेचा त्रास तेव्हा फारसा नव्हता. म्हणून दोन डॉक्टरांनी, एक हृदयाचे आणि एक रक्तवाहिन्यांचे, मिळून ठरवलं की फुगा पंचावन्न मिलिमीटरला पोचला की दोन्ही एकाच बैठकीत करायचं. तोवर दर सहा महिन्यांनी माप.

पहिल्या मापाला टेबलावर आडवे झाल्याझाल्या बाबा म्हणाले, "मोजपट्टे, पंचावन्नच्या आत ठेव हं मला." लहानपणी मी घरातलं टेबलसुद्धा मोजत सुटायचे, तेव्हापासूनचं ते नाव. ते हसत होते, पण टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. मी चिन्हं कडेच्या आत सरकवली. एक्कावन्न. रिपोर्टमध्ये रीत लिहायला रकानाच नव्हता.

पुढे बावन्न, मग त्रेपन्न. दादा दर वेळी तो कागद आईला वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, आकडा आपल्या बाजूने आहे, उगाच वाघाच्या जबड्यात हात कशाला घाला. बाबा मात्र जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबायला लागले होते, खिडकीतून काहीतरी बघत असल्यासारखे. त्या खिडकीतून शेजारची भिंत दिसते.

परवा ते बेसिनपाशी कोसळले. हृदयाचा जोर निम्म्यावर आला होता. मोठ्या मशीनवर फुगा अठ्ठावन्न भरला.

आज आम्ही सगळे डॉक्टरांच्या खोलीत बसलो होतो, बाबा चाकाच्या खुर्चीत. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी माझा दोन महिन्यांपूर्वीचा कागद आणि परवाचा कागद शेजारी ठेवले. इतक्या झपाट्याने वाढलेला फुगा फार थांबत नाही, असं ते म्हणाले. दादा म्हणाला, तुमचं जुनं मशीन खराब असेल. डॉक्टरांनीही मान डोलावली, तसं होतं कधीकधी. मी गप्प राहिले असते तर मशीनवर भागलं असतं.

बाबा माझ्याकडे बघत होते. "भिंत धरली होतीस का?"

"नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

हृदयाच्या डॉक्टरांनी मनाशी बेरीज केली असावी, कारण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पहिल्या दिवशीच पंचावन्न होते. तेव्हाच्या हृदयाने दोन्ही सहज पेललं असतं, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. आता एकदम केलं तर ते टिकेल का सांगता येत नाही, आणि एकेक करायला फुगा वेळ देईल का, तेही सांगता येत नाही. ठरवायचं घरच्यांनी.

दादा मान खाली घालून म्हणाला, "हिला विचारा. आजवर हिनेच ठरवलंय."

"तुम्हीच म्हणाला होतात, बाबा," मी म्हणाले. "आत ठेव म्हणून."

"हो. प्रत्येक कारखान्याचा मालक मला तेच म्हणायचा."

मग त्यांनी खुर्ची स्वतःच्या हाताने डॉक्टरांकडे वळवली.

"दोन्ही एकदम करा. उद्या जमलं तर उद्याच. आणि त्याआधीचं माप दुसऱ्या कुणाकडून घ्या."