पल्सारचा सौदा

महिपतराव दलालांनी पोटच्या पोरीशी अबोला धरला, यावर मावला गावात कोणाचा विश्वासच बसेना. आदिलाबादच्या बैलबाजारात ज्याच्या तोंडापुढे भले भले व्यापारी हात टेकत, तो माणूस घरात गप्प बसतो म्हणजे काय? पण बसले होते खरे.

झालं असं की त्यांची प्रमिला पुण्याला ताऱ्यांचा अभ्यास करत होती. ते त्यांनी सोसलं होतं. नव्हे, चारचौघांत मिरवलंही होतं. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात ती घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "बाबा, मले ऑस्ट्रेलियात बलावलं हाय. तुमी हो म्हनसान तरच जाईन."

महिपतरावांनी हातातला घास ताटात ठेवला. पुण्याला निदान एसटी तरी जात होती. "नाही" म्हटलं तर पोरगी निमूट ऐकेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तिला रडवायची त्यांची छाती नव्हती. "हो" म्हणायला जीभ रेटेना. मग त्यांनी मधली वाट काढली आणि बोलणंच बंद केलं.

अबोला धरायला काय, कोणीही धरतं. निभवताना कळतं. जंगलाच्या कडेनं येताना महिपतरावांनी टेंभुर्णीची पिकली टेंभरं आणली, कारण प्रमिलाला ती लहानपणापासून आवडायची, आणि न बोलता चुलीपाशी ठेवून दिली. तिच्या बॅगेची तुटलेली चेन शिवून आणली. दुपारी लाइट गेली की ते पेपरची घडी घेऊन झोपलेल्या पोरीला वारा घालत बसायचे, तोंड मात्र भिंतीकडे. त्यांच्या बायकोला, रेणुकाबाईंना, हे सगळं दिसत होतं आणि त्या पदराआड हसत होत्या.

एकदा ज्वारी निवडता निवडता रेणुकाबाई लेकीला म्हणाल्या, "तू आभायात पायते तरी काय, मले सांग बरं."

"मेलेला तारा, आई. असते शयराएवढाच, पन भोवऱ्यावानी फिरते. बॅटरीसारका झोत निंगते त्याच्यातून. फिरता फिरता थो झोत आपल्याकडं आला का रेडिओच्या मोठ्या तबकडीत ठोका पडते. त्याले पल्सार म्हनतात."

"मंग ऑस्ट्रेलियातच काऊन जा लागते?"

"माहा पल्सार थ्याच बाजूनं दिसते. त्याचा एक जोडीदार हाय, लय मोठा तारा. त्याच्याभोवती ह्याचा एक फेरा व्हाले साडेतीन वर्सं लागतात. यंदा जानेवारीत थो जोडीदाराच्या मांगं गेला, तं रेडिओचे ठोके पार बंद. वाटलं असतं, सरला. पन उपग्रहावरून पायलं तं एक्स-रे येऊनच राह्यला होता."

"दवाखान्यातला थो एक्स-रे?"

"थोच. बोलनं बंद, पन आतली धग चालूच."

रेणुकाबाईंनी ओसरीकडे पाहिलं. तिथे महिपतराव डोळे मिटून पडले होते आणि घोरायचं विसरले होते. "असा एक तारा आपल्या घरात बी हाय वो माय," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

प्रमिला हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "बुधवारी निंगून पुन्याले जाऊन हो का नाही ते कळवा लागते, आई. अन् बाबा काहीच बोलत नाहीत." ओसरीवर महिपतरावांनी कूस बदलली. उठावं आणि एक शब्द टाकावा, इतकंच तर करायचं होतं. पण इतके दिवस गप्प राहिल्यावर सुरुवात कुठून करायची, हेच त्यांना उमजेना.

बुधवारी ते उजाडताच बाजाराला पळाले. पोरीला निरोप द्यायची वेळ घरात येऊ नये, एवढाच हेतू. पुण्याच्या वाटेवरची प्रमिलाची नांदेडची बस मात्र आदिलाबादहूनच सुटायची होती.

बाजारात मोतीराम व्यापारी बाजारहत्नूर गावच्या एका खिलारी गोऱ्ह्यावर अडून बसला होता. बैलाचा भाव कोणी तोंडानं बोलत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरायची. जितकी बोटं तितका भाव, अख्खा पंजा धरला की पाच. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. मोतीरामनं दोनदा बोटं धरली, दोनदा सोडली आणि "दात पायतो पुन्ना" म्हणून तो गोऱ्ह्याकडे वळला. महिपतराव रुमालाखाली हात तसाच धरून उभे राहिले.

तेवढ्यात एक हात रुमालाखाली शिरला. हा काही व्यापाऱ्याचा हात नव्हता. महिपतरावांनी मान वळवली, तर शेजारी प्रमिला उभी, खांद्याला बॅग. मागे रेणुकाबाई. बाईमाणसानं रुमालाखाली हात घातलेला त्या बाजारानं पाहिला नव्हता.

प्रमिलानं बापाची दोन बोटं धरली. "वर्सं, तिकडची," ती हळूच म्हणाली.

महिपतरावांनी जन्मभर बोटं वाचली होती. समोरचा भीतभीत बोली लावतो तेव्हा पकड कशी होते, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. या पोरीला दोन नको होती. जास्त मागितली तर बाप मोडेल, म्हणून तिनं दोन धरली होती. त्यांना राग आला, खास धंद्यातला राग.

त्यांनी आपली बोटं सोडवून घेतली. प्रमिलाचा चेहरा उतरला. मग त्यांनी तिचा अख्खा पंजा आपल्या हातात घट्ट धरला.

"बाबा, पाच?"

"साडेतीन वर्साचा फेरा त्याचा," महिपतराव म्हणाले. आवाज इतके दिवस पडून राहिल्यासारखा घोगरा निघाला. "दोन वर्सात काय पायशीन, त्याची पाठ? दलालाची पोरगी तू, अन् मांगतानी जास्त मांगावं इतकं बी येत नाही तुले."

मोतीराम दात पाहून परत आला आणि भाव विचारू लागला. "थांब जरा," महिपतराव म्हणाले, आणि बस लागेपर्यंत त्यांनी रुमालाखालचा हात काही सोडला नाही.