रक्ताचं माणूस

‘येताना घरचं माणूस घेऊन या,’ असं सरकारी दवाखान्यातल्या केंद्राच्या समुपदेशक वेदिका मॅडमनी सांगितलं, आणि पुढच्या मंगळवारी कुसाबाईने घरची अकरा माणसं नेऊन उभी केली. आशाची नानगुरू म्हणजे गुरूची गुरू, दोन गुरुबहिणी, मावश्या, नातचेल्या. सगळ्या न्हाऊन-धुऊन, ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. हिजड्यांच्या घरात नात्यांना तोटा नसतो. त्यांना वाटलं, जितकी माणसं जास्त तितकं काम लवकर.

कुसाबाई पंचवटीतल्या त्या घराची गुरू, आणि आशा तिची चेली. आशाचं वजन अडतीस किलोवर आलं होतं, रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या सीडी-फोर पेशी साठच्या खाली. एचआयव्हीच्या गोळ्या केंद्रावर फुकट मिळायला लागून वर्ष होत आलं होतं. त्या लवकर सुरू झाल्या नाहीत तर ही होळी बघायची नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. आणि गोळ्या सुरू करायच्या तर आधी समुपदेशन, आणि समुपदेशनाला घरचं माणूस.

मॅडमनी त्या अकराजणींकडे पाहून गोड हसू काढलं. ते हसू शिकायला त्या पुण्याला आठ दिवस जाऊन आल्या होत्या.

“यात रक्ताचं कोण?”

“रक्ताचं म्हंजे?”

“आई, वडील, भाऊ, बहीण. गोळी एकदाही चुकून चालत नाही, म्हणून जबाबदार माणूस लागतं.”

“मॅडम, ही पंधरा दिस हातरुणातून उठली नाय. तिचं हागणंमुतणं म्या काढते. अजून किती जबाबदार व्हऊ?”

“तुमच्याबद्दल आम्हाला फार आदर आहे, कुसाबाई. पण फॉर्मवर ‘गुरू’ असा रकाना नाही.”

जन्मभर कुसाबाईने शिव्या खाल्ल्या होत्या आणि पचवल्याही होत्या. हा आदर मात्र तिच्या घशाखाली उतरेना. ह्या केंद्राकडे हिजड्यांसाठी काय नव्हतं? टोपलीभर निरोध होते, घोषणा छापलेले टी-शर्ट होते, मीटिंगला चहा-बिस्किटं होती आणि पाहुणे आले की मधे बसवून फोटो होते. मॅडमच्या डोक्यावरच ‘भेदभाव टाळा’ असं पोस्टर होतं. वरातीला घोडा आणि निघायच्या वेळी लगाम नाही, असला सगळा कारभार.

कुसाबाई दुसऱ्या दिवशी एसटीने निफाडला गेली. आशाचा थोरला भाऊ रंगनाथ तिथे द्राक्षाच्या बागेत होता. मणी फुगावेत म्हणून डिपिंग चाललं होतं. औषधाच्या मगात एकेक हिरवा घड तो जपून बुडवत होता.

“तुझा रविराज मराया टेकलाय,” ती आशाचं जुनं नाव घेऊन म्हणाली. “दवाखान्यात येऊन एक सही कर. बाकी समदं आमी बघू.”

रंगनाथने आधी मजुरांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “तो मेला. सात वर्सं झाली. तेरावं घातलं आमी.”

“जित्या माणसाचं?”

“गावजेवण झालं. रेशनकार्डावरनं नाव बी काढलं. आता तो हाय म्हनलं तर माझ्या पोरींना कोन पत्करंल? जा मावशे, पाया पडतो.”

“घडाघडाला औषिद पाजतोस अन् पाठच्या भावाला गोळी नको?”

त्याने पुढचा घड हातात घेतला. कुसाबाईने शाप द्यायला टाळीचे हात उचलले आणि तसेच खाली घेतले. असल्याला शाप देणं म्हणजे शापाची नासाडी.

तिसऱ्या मंगळवारी आशाला रिक्षातून उचलून आणावं लागलं. दोन चेल्यांनी तिला दोन्हीकडून धरलं होतं.

“भाऊ आले का?” मॅडमनी विचारलं.

“भाऊ मेला.”

“अरेरे. मग वडील?”

कनवटीची पिशवी सोडून कुसाबाईने मतदार ओळखपत्र काढलं आणि टेबलावर आपटलं. फोटोत तीच होती, पण खाली नाव दुसरंच होतं. गुरूचं जुनं नाव काढणं म्हणजे त्या घरात महापाप. एका चेलीने भांडणात ते नुसतं विचारलं होतं, तर तिला वर्षभर उंबरा चढू दिला नव्हता. सोबतच्या दोघींनी ते कधी ऐकलंही नव्हतं.

“लिवा,” कुसाबाई म्हणाली. “धोंडीराम सखाराम गायधनी. पुरुष. पेशंटचा बाप.”

चेल्यांनी पदर तोंडाला लावले. आशा रडायलाच लागली. “गुरू, नको. मला मरू दे, पन हे नको.”

“गप बस. मरायला वेळ हाय अजून.”

“आडनाव जुळत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“सावत्र बाप. लिवा.”

मॅडमचा चेहरा उजळला. खरं-खोटं त्यांना कळलं नसेल असं नाही. पण रकाना भरला होता.

“अहो, मग हे आधीच सांगायचं ना!” तिन्ही मंगळवार भिंतीला लावून ठेवलेली खुर्ची त्यांनी स्वतः उठून पुढे सरकवली. “बसा ना, बाबा.”

चाळीस वर्षांपूर्वी ज्या धोंडीरामला मागे सोडून ती घरातून पळाली होती, त्याला ह्या बाईने एका मिनिटात खुर्ची दिली. कुसाबाई तीत बसली. गोळ्या कशा घ्यायच्या, कधी घ्यायच्या, सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारलं, आणि धोंडीरामच्या नावाने अंगठा उठवला.

महिन्याच्या गोळ्या न्यायला पालकाने स्वतः यायचं असतं आणि शिपाई नाव पुकारतो, हे तिला पुढच्या महिन्यात कळलं. बाकांवर साठ-सत्तर माणसं बसली होती.

“धोंडीराम गायधनी! पेशंटचे वडील!”

कुणी हललं नाही. शिपायाने पुन्हा ओरडून विचारलं. तेव्हा हिरवी साडी, कपाळभर कुंकू आणि केसांत गजरा अशी कुसाबाई उठली. बाकांवर हशा पिकला, कुणीतरी शिट्टी मारली. तिने पदर सारखा केला आणि सगळ्यांच्या मधून चालत खिडकीपाशी गेली.

“हाय मीच,” ती म्हणाली. “आन गोळ्या लवकर. पोरगी रिक्षात बसलीय माझी.”