जास्तीचा अर्धा पीळ

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या डुलुथ गावातल्या एका प्लंबरचा जुना पाईप पाना आहे. लोखंडाचा, हातभर लांब, अंगावरचा लाल रंग पार उडालेला. माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली आहे आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पण आधी थोडी माझी बढाई ऐकून घ्या, म्हणजे पुढचं समजेल.

माझा जन्म ओतशाळेत झाला. एल्डन कोस्की नावाच्या तरण्या प्लंबरने पहिल्या पगारात मला विकत घेतलं. अडतीस वर्षं मी त्याच्या हातात होतो. किती तळघरं पाहिली, किती गोठलेले नळ, किती गंजलेले सांधे, त्याची गणतीच नाही. गावात म्हणायचे, "एल्डनने आवळलेलं पुन्हा सुटत नाही." तो लाजून हसायचा. मी मात्र मनातल्या मनात फुगायचो, कारण आवळणारा मी होतो ना!

मग एल्डन निवृत्त झाला आणि मला गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. गंज चढायला लागला. मला वाटलं, संपलं आपलं.

एल्डनला वेगळीच काळजी लागली होती. म्हातारपणासाठी साठवलेले पैसे शेअर बाजारात होते. एका वर्षी बाजार असा कोसळला की त्याची झोप उडाली. तो बायकोला, मार्लिसला म्हणायचा, "जे डोळ्यांना दिसत नाही, ज्याला हात लावता येत नाही, ते माझं कसं म्हणू गं?" शेवटी त्याने ते पैसे अशा निवृत्ती खात्यात हलवले, जिथे काय विकत घ्यायचं ते आपल्यालाच ठरवता येतं. त्या खात्यातून टेकडीवरचं एक पिवळं दुमजली घर घेतलं. मार्लिसची भाची ट्रूडी करसल्लागार होती. ती मुद्दाम घरी आली आणि गॅरेजमध्येच एल्डनला गाठलं, म्हणून ते बोलणं माझ्या कानावर पडलं.

"काका, नीट ऐका. घर तुम्ही घेतलेलं नाही, तुमच्या खात्याने घेतलंय. भाडं खात्यात जाणार, दुरुस्तीचा खर्च खात्यातून होणार. तिथे तुम्ही एक रात्रसुद्धा राहायचं नाही. मावशीने नाही, तुमच्या मुलीनेही नाही. आणि तिथलं काम स्वतः करायचं नाही."

"म्हणजे नळ गळला तर?"

"प्लंबर बोलवायचा."

"अगं बये, मी प्लंबरच आहे की!"

"दुसरा."

मार्लिस दारात उभी होती, ती खो खो हसली. "अडतीस वर्षं दुसऱ्यांचे नळ दुरुस्त केलेस आणि आता स्वतःच्या घराला हात लावायची चोरी! बरी जिरली!"

"आणि समजा केलंच काही?" एल्डनने विचारलं.

ट्रूडी हसली नाही. "तर ते निवृत्तीचं खातंच राहणार नाही. सगळी रक्कम त्या एका वर्षाची कमाई धरतील आणि त्यावर कर लावतील. तो भरायला घर विकावं लागेल. पान्याकडे बघू नका, काका. माझ्याकडे बघा."

सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. पिवळ्या घरात रोझेला पाईक राहायची. शाळेत स्वयंपाक करायची आणि उरलेल्या वेळात गोधड्या शिवायची. मार्लिस अजून बेकरीत पहाटेच्या पाळीला जात होती, पण तिचे नोकरीचे दिवस आता मोजकेच उरले होते. गुडघे बोलायला लागले होते. येत्या उन्हाळ्यात नोकरी सोडायची आणि खात्यातल्या भाड्यावर आरामात राहायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

जानेवारीत पिवळ्या घराच्या वरच्या न्हाणीघरात कमोडच्या टाकीची नळी खराब झाली. एल्डनने नियमाप्रमाणे ड्वेन रासमुसेनला पाठवलं. ड्वेन पन्नाशीचा, शांत, कामाला चोख. त्याने नवी नळी बसवली. तिच्या टोकाला प्लास्टिकचा नट होता. एल्डनला प्लास्टिक म्हटलं की मस्तकात तिडीक जायची.

दोन दिवसांनी रोझेलाचा फोन आला. नळीखाली थेंब दिसतोय म्हणाली. ड्वेनला फोन करायचा सोडून एल्डन गॅरेजमध्ये आला आणि मला खिळ्यावरून उतरवलं.

"कुठे निघालास?" मार्लिसने विचारलं.

"नुसतं बघून येतो."

"बघायला पाना कशाला लागतो रे?"

"सवय गं," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

मित्रांनो, मला त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगतो. मला आनंद झाला. कित्येक वर्षांनी हाताची ऊब मिळाली होती. मला वाटलं, आलीच शेवटी आपली आठवण.

नटावर खरंच एक थेंब होता. एल्डनने तो पुसला. थोड्या वेळाने दुसरा आला. "बघ, ढिला ठेवलाय गड्याने," असं पुटपुटत त्याने मला त्या नटावर लावलं. मी आयुष्यभर पितळ आणि लोखंड धरलेलं. ते मऊ प्लास्टिक दातांत आलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. एल्डनने अर्धा पीळ दिला. आत बारीकसं 'कट्' झालं. त्याला वाटलं, नट बसला. मला ठाऊक होतं की तो बसला नाही, तडकला. पण मला जीभ कुठे आहे?

"किती पैसे देऊ?" रोझेलाने विचारलं.

"पैसे कसले? मी आलोच नव्हतो," एल्डन डोळा मिचकावून म्हणाला.

तीन दिवसांनी रोझेला शाळेत गेलेली असताना तो नट फुटला. पाच तास पाणी वाहत होतं. स्वयंपाकघराचं छत खाली आलं. टेबलावर रोझेलाने बहिणीच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी अकरा महिने शिवत आणलेली गोधडी होती. ती चुन्याच्या चिखलात गेली.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीच्या बाई आल्या. एल्डनबरोबर ड्वेनलाही बोलावलं होतं. ओले गालिचे काढायला दार सताड उघडं होतं, म्हणून बाहेर गाडीत पडल्या पडल्या मला सगळं दिसलं आणि ऐकू आलं.

"नटावर पान्याचे दात उमटलेत," बाई म्हणाल्या. "प्लास्टिकला पाना लावतं का कुणी?"

"मी नाही लावला," ड्वेन म्हणाला. "हे नट मी हातानेच बसवतो. बावीस वर्षं हेच काम करतोय, बाई."

"पण थेंब तर पडत होता!" रोझेला म्हणाली.

"थंडीत उबदार घरातल्या गार पाण्याच्या नळीला बाहेरून घाम येतो. त्याला गळणं नाही म्हणत. कुठल्याही प्लंबरला विचारा." ड्वेन एल्डनकडे वळला. "सांग ना रे यांना."

एल्डनने वाकून ओल्या गालिच्याचं टोक उचललं. रोझेला त्याच्याकडे बघत राहिली, पण तो येऊन गेल्याचं तिनेही सांगितलं नाही.

"मग आमच्या कागदावर तुमचंच काम दिसतंय," बाई ड्वेनला म्हणाल्या. "नुकसान आम्ही भरू, आणि ते तुमच्याकडून वसूल करू. परवान्याचं काय ते परवानावाले बघतील."

अहो, एल्डनला घामाचं माहीत नव्हतं असं कसं म्हणू? हाताखालच्या चार पोरांना त्यानेच ते शिकवलं होतं. त्याला त्या घराला हात लावायचा होता आणि मला कामाला लागायचं होतं. तो थेंब आम्हा दोघांना हवाच होता!

दोन दिवस एल्डन धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मार्लिसने त्याला गॅरेजमध्ये गाठलं. त्याने सगळं सांगितलं.

ती उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली. "बोललास तर घर जाणार."

"हो."

"आणि मी? त्या भट्टीपुढे अजून किती वर्षं उभी राहू?"

"नको म्हणालीस तर नाही बोलणार."

"माझ्या गळ्यात मारू नकोस हं!" ती एकदम ओरडली. मग गुडघे चोळत म्हणाली, "ड्वेनची रोजीरोटी जाईल. जा तू. पण 'चांगलं केलंस' एवढं माझ्याकडून ऐकायची आशा ठेवू नकोस. ते मी म्हणणार नाही."

एल्डनने मला उचललं आणि विमा कंपनीच्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "हे दात जुळवून बघा," तो म्हणाला. दात जुळले.

ड्वेनचं नाव कागदावरून निघालं. त्याने एल्डनला माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. तो एवढंच म्हणाला, "तीन दिवस लागले तुला." रोझेला दुसरीकडे राहायला गेली. खातं मोडलं, घर विकलं, मोठा वाटा करात गेला. सत्तरी ओलांडलेला एल्डन आता एका दुकानात नळाचे नट मोजून देतो. मी पुन्हा खिळ्यावर आहे.

माझ्यासारखे जुने जीव निरोप घेताना म्हणतात, आम्हाला विसरू नका, आम्हाला वापरा. मला तसं मागायचं तोंड राहिलेलं नाही. मी एवढंच विनवतो: एखाद्या गोष्टीवर तुमचा कितीही जीव असला, तरी हात लावण्याआधी विचारा की तिला हात हवाय, की तुमच्याच हातांना चैन पडत नाहीये. आणि तुमच्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फुटताना दिसलं, तर तीन दिवस लावू नका.

रोज पहाटे मार्लिस गॅरेजमधून कामाला निघते. पायरीवर बसून बूट घालते आणि उठताना भिंतीचा आधार घेते. तो आधार माझ्या खिळ्याच्या अगदी जवळ असतो. ती मला कधी काही बोलत नाही. बोलली असती तर फार बरं झालं असतं.