खुरांखालची चाकोरी

विजयश्रीनं चाकोरीत गुडघे टेकले आणि काडीच्या टोकानं कवचाचा तुकडा उलटा केला. आतला ओलावा अजून सुकला नव्हता. बलक मातीत मुरून तपकिरी डाग पडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. चार अंडी होती. काल संध्याकाळीच तिनं दुर्बिणीतून, लांबूनच, मादी त्यांच्यावर बसताना पाहिली होती. माळटिटवी घरटं असं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे बाजूला सारते आणि खड्यांच्याच रंगाची अंडी घालून मोकळी होते.

टिटवी पंधरा पावलांवर उभी होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला असावा. आता ती नुसती मान वरखाली करत होती.

विजयश्री उठली. गाडी एकच नव्हती. तांबडमाळाच्या पूर्वेकडच्या अंगाला, जिथं यंदापासून मार्च ते जून माणसांनाही बंदी, तिथं पाच-सहा ठिकाणी गवत उभं चिरत चाकं गेली होती. ती चाकोरीच्या कडेकडेनं चालत राहिली. दुसरं घरटंही गेलं होतं. तिसऱ्याला चाक वीतभर चुकवून गेलं होतं. ते जाणूनबुजून चुकवलेलं नव्हतं, हे तिला कळत होतं आणि म्हणूनच तिची कानशिलं तापली होती.

फाटकाची साखळी जागच्या जागी होती. फाटकाशेजारच्या चरात मोठाले दगड टाकून कुणीतरी चाकांपुरती वाट केली होती. गाड्या तिथून आल्या होत्या.

टेकाडावर पाच उंच गाड्या ओळीनं उभ्या होत्या. घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, छोट्या शेगडीवर पोह्यांचं पातेलं. विजयश्रीचा वनरक्षकाचा खाकी गणवेश दिसताच टोपी घातलेला एक तरुण हात पुसत पुढं आला. त्याचं नाव रणजीत, राहणार वाकड, आणि हा त्याचा रविवारचा ग्रुप, असं त्यानं न विचारताच सांगितलं.

"चहा घेणार, मॅडम?"

"गाड्या आत कशा आणल्या?"

"परवानगी आहे ना." त्यानं मोबाइल तिच्यासमोर धरला.

तिनं तो हातात घेऊन त्यावरचं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "यात दहा माणसं, पायी आणि पश्चिमेकडून असं लिहिलंय. पायवाटेनं."

"हो, पण आमच्यात दोघं सीनियर सिटिझन आहेत. आणि मॅडम, आमचा ग्रुप तसला नाही. आम्ही एक कागद मागं ठेवत नाही. उलट जाताना दुसऱ्यांचा कचरा उचलतो. ते बघा."

खरंच एका खुर्चीशेजारी काळी पिशवी होती आणि ती प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी निम्मी भरलेली होती. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलला असता तर विजयश्रीला बरं वाटलं असतं.

"तुम्ही येताना दोन घरटी चिरडलीत."

खुर्चीवरची एक मुलगी प्लेट खाली ठेवून उठली. "कुठं? आम्हाला तर काहीच दिसलं नाही."

"मिनल, तू बस," रणजीत म्हणाला.

"तुम्हाला दिसत नाही, म्हणून तर फाटक आहे," विजयश्री म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिनं वही घट्ट धरली होती. तिनं पाचही गाड्यांचे नंबर उतरवून घेतले, चाकोऱ्यांचे फोटो काढले आणि ज्या वाटेनं आलात तिच्यावरूनच, एक इंचही न सोडता, बाहेर जा, असं सांगितलं. रणजीत तोवर फोन कानाला लावून टेकाडाच्या पलीकडे गेला होता. मिनल तेवढी गाडीत बसली नाही. ती पुढच्या गाडीच्या पुढं, जमिनीकडे बघत, फाटकापर्यंत चालत गेली.

गाड्या रस्त्याला लागल्या आणि विजयश्रीचा फोन वाजला. तिच्या वनक्षेत्रपाल साहेबांचा होता.

"मॅडम, सकाळी सकाळी काय भांडण काढलंत?"

तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी मधे तोडलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नुकसान झालंय तर पंचनामा कराच. नको कोण म्हणतंय? पण गाड्यांचं कशाला घालता त्यात? पुढच्या महिन्यात आपली निसर्गवाट सुरू व्हायचीय. मचाण त्याच पोरांनी बांधून दिलंय, पाट्या त्यांनीच दिल्यात. मेंढ्या असतातच त्या अंगाला. मागच्या वर्षी तुम्ही केला होता ना पंचनामा? चांगला होता तो. तोच घ्या, तारीख बदला."

"मेंढ्या आता येत नाहीत, साहेब. बंदी आहे."

"मग बंदी मोडून आल्या असतील."

फोन बंद झाला. विजयश्रीनं तो खिशात टाकला, परत काढला, परत टाकला. फाटकाजवळ तिनं स्वतः रंगवलेली पाटी होती. वाहनास सक्त मनाई. त्या अक्षरांकडे बघवेना. कासारवाडीत तिचे वडील तीस वर्षं लेथवर उभे राहिले होते. एक मिलिमीटर इकडचा तिकडं झाला तर अख्खा जॉब परत टाकतात, असं ते सांगायचे. इथं दोन घरटी कागदावर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवायची होती, आणि तीही तिच्याच हातानं.

पंचनाम्याला पंच लागतात. ती मोटरसायकल घेऊन गावात गेली. दुकानापुढं बसलेल्या दोघांनी ऐकून घेतलं आणि एकानं सेकंड शिफ्टची बस गाठायचीय म्हणून पाय काढला. दुसरा म्हणाला, "गाडीवाल्यांच्या नादी आपण कशाला लागायचं राव? उद्या आमच्या पोराला त्यांच्याच कंपनीत चिकटवायचा असला तर?"

राहिली माळाच्या कडेची वस्ती. तिथं जायचं म्हणजे गिरजाबाईपुढं उभं राहायचं. विजयश्रीनं ते वर्षभर टाळलं होतं.

मागच्या मे महिन्यात याच माळावर दोन घरटी चिरडलेली सापडली होती. सभोवती मेंढ्यांचे खूर उमटलेले, लेंड्या पडलेल्या. विजयश्रीला नोकरीला लागून तेव्हा आठ महिने झाले होते. तिनं जीव तोडून पंचनामा लिहिला, नकाशा जोडला, फोटो जोडले. वस्तीच्या मेंढ्यांना माळ कायमचा बंद झाला. चाकणच्या बाजूचा पडीक माळ कंपन्यांच्या गोदामांनी आधीच खाल्ला होता, त्यामुळं चारायला दुसरी जागा नव्हती. श्रावणाच्या आत गिरजाबाईनं कळप विकला. सून एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली.

गिरजाबाई दारात बसून चुलीसाठी तुराट्या मोडत होती. मागं मेंढ्यांचा वाडा होता. काटेरी कुंपण तसंच होतं आणि आत गुडघाभर तण माजलं होतं. तिनं वर बघितलं. बस म्हणाली नाही.

"मावशी, पंच म्हणून सही पाहिजे होती."

"कशावर?"

"माळावर गाड्या घातल्या लोकांनी. टिटवीची अंडी चिरडली. तुम्हाला इथून दिसलं असेल."

"दिसलं की. पाच गाड्या. उजाडताच आल्या." एक तुराटी काडकन मोडली. "मंग आता धनगराच्या म्हातारीची सही चालती व्हय?"

विजयश्री उभीच राहिली. 

"चल," गिरजाबाई लुगडं खोचत उठली. "आधी दाव. न बघता सही करनारी मी न्हाई."

दोघी माळावर गेल्या.  विजयश्रीच्या ध्यानात आलं की म्हातारी सरळ चालत नव्हती. मधेच दोन पावलं डावीकडं घेई, मधेच थबके, आणि जिथं ती वळसा घेई तिथं निरखून पाहिलं की खड्यांत खड्यांसारखं काहीतरी पडलेलं असे. एक घरटं असं निघालं जे विजयश्रीच्या वहीत नव्हतं.

चिरडलेल्या घरट्यापाशी गिरजाबाई उकिडवी बसली. तिनं कवचाला हात लावला नाही. 

"साहेब म्हणतात, मेंढ्यांनी केलं असं लिहा," विजयश्री म्हणाली.  "मी नाही लिहिणार. नोकरी गेली तरी नाही लिहिणार. तुम्ही फक्त सही करा, मावशी. पुढचं मी बघते."

म्हातारीनं मान वर केली नाही. "मेंढरू अंड्यावर पाय देत न्हाई. टिटवी पंख पसरून पुढ्यात उभी ऱ्हाती, अशी वरडती की मेंढरू बिचकून वळून जातं. जलम गेला माझा या माळावर. मेंढरापायी एक अंडं फुटलेलं न्हाई बघितलं." मग बोटानं चाकोरीच्या कडेला दाखवून ती म्हणाली, "गेल्या साली बी असंच व्हतं."

"मागच्या वर्षी खूर होते, मावशी. मी स्वतः बघितले."

"व्हते की. मेंढरं तिथनंच गेली. पर सकाळी. चाक राती गेलं. खूर वर व्हतं, चाक खाली व्हतं."

विजयश्रीनं मोबाइल काढला. मागच्या मेचे फोटो तिनं पुसले नव्हते. तिला त्यांचा अभिमान होता. तिनं पहिला फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. खूर होते, दाट, एकमेकांवर पडलेले. आणि त्यांच्या खाली, फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, नक्षी उमटलेला मातीचा रुंद पट्टा होता. कवच त्या पट्ट्यात सपाट, कागदासारखं दाबलं गेलं होतं. हा फोटो तिनं पंचनाम्याला जोडला होता. लिहिताना वीस वेळा तरी बघितला असेल.

तिनं दुसरा फोटो उघडला. मग तिसरा. नंतर मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. इतका वेळ रणजीतवर, साहेबांवर, दुकानापुढच्या माणसांवर धुमसणारा राग होता तिथंच होता, फक्त त्याला आता बाहेर जायला वाट राहिली नव्हती.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलले की," गिरजाबाई म्हणाली. "तू लिहीत व्हतीस."

वारा पडला होता. दूर हायवेवरून कंटेनरचे हॉर्न येत होते. विजयश्रीनं मांडीवर फाइल घेतली आणि लिहायला लागली. तारीख, जागा, पाच गाड्यांचे नंबर, परवानगीत काय होतं आणि काय घडलं. गिरजाबाई एका दगडावर बसून होती. पान भरलं. विजयश्री थांबली, दुसरं पान घेतलं आणि पुन्हा लिहू लागली. साहेबांचा फोन आला. वाजून वाजून बंद झाला.

"वाच," म्हातारी म्हणाली.

विजयश्रीनं पहिलं पान वाचून दाखवलं. गिरजाबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मग दुसरं पान. विजयश्रीचा आवाज बारीक झाला.

"गतवर्षी मे महिन्यात याच ठिकाणी केलेल्या पंचनाम्यात मेंढ्यांमुळे नुकसान झाल्याचे नमूद आहे. सोबतच्या फोटोंवरून ते नुकसान वाहनाने झाल्याचे दिसून येते. सबब, सदर पंचनामा चुकीचा लिहिला गेला."

गिरजाबाईची मान हलली नाही.

"परत वाच. शेवटचं."

"सदर पंचनामा चुकीचा लिहिला गेला."

"कुनाकडनं?"

विजयश्रीनं कागदाकडं पाहिलं. वाक्य व्यवस्थित होतं. खात्यात सगळे असंच लिहितात, तीही असंच लिहायला शिकली होती. तिनं पेन टेकवलं, 'लिहिला गेला' यावर आडवी रेघ ओढली, आणि वरच्या मोकळ्या जागेत, बारीक पण सुटं अक्षर काढत लिहिलं. मग वाचून दाखवलं.

"सदर पंचनामा मी चुकीचा लिहिला."

  गिरजाबाईनं पेनासाठी हात पुढं केला.