सिंहाचा उजवा पंजा

जर्व्हेस पोलार्डने माझ्या भावाचा उजवा हात लोकरीच्या गाठी दाबायच्या यंत्राखाली चिरडला, आणि मी ते विसरेन असं त्याला वाटलं. मेल्याने मला ओळखलंच नव्हतं!

माझा भाऊ लॅम्बर्ट ढालींवर खानदानी घराण्यांची कुळचिन्हं रंगवायचा. पोलार्ड लोकरीत गब्बर झाला, तशी त्याला खानदानी व्हायची हौस आली. म्हणाला, "माझ्या दारावर सोनेरी सिंह काढ."

"आधी राजाच्या चिन्हाधिकाऱ्याची परवानगी आणा, मालक," लॅम्बर्ट म्हणाला. एवढंच बोलला बिचारा. आता तो डाव्या हाताने जेवतो आणि अर्धं सार अंगावर सांडतो. सिंह दुसऱ्या कुणीतरी काढलाच.

त्या उन्हाळ्यात नॉरॉय नॉटिंगहॅमला आला. आमच्याकडचा हा सगळ्यांत मोठा चिन्हाधिकारी, खोटी चिन्हं मिरवणाऱ्यांना हुडकत फिरतो. मी पोलार्डच्या सिंहाची तक्रार घेऊन तडक त्याच्यापुढे उभी राहिले.

"त्याचं घर नदीच्या कुठल्या काठावर?" त्याने विचारलं.

"दक्षिणेच्या."

"मग माझे हात बांधलेत, बाई. नॉरॉय म्हणजे जुन्या फ्रेंच बोलीत उत्तरेचा राजा. ट्रेंट नदीच्या उत्तरेला प्रत्येक ढालीवर माझी सत्ता. नदी ओलांडली की मी नुसता गुडघे दुखणारा म्हातारा. दक्षिणेचा अधिकारी वेगळा, तो कधी येईल देव जाणे."

"कसला डोंबलाचा राजा!" मी तोंडावर म्हणाले.

तो हसला. "सिंह अलीकडे आणा, मग राजा दाखवतो."

मी रोज पलीकडे पोलार्डच्या वखारीत बिअर विकायला जायचे. हात चिरडणाऱ्याला हसून पेला भरून द्यायचा, जीव नुसता जळायचा. पण दिला.

"मालक, तुमच्या काठावरच्या चर्चमध्ये पुराचं पाणी शिरतं," मी म्हटलं. "बडी माणसं आमच्याकडे पुरतात. तुमचं थडगं तिथेच शोभेल. वर सिंह!"

"आणि तो नॉरॉय?"

"तो घरांची दारं तपासतोय. थडग्यांकडे कोण बघतंय?"

गडी फुगला. हयातीतच त्याने आमच्या चर्चमध्ये पांढऱ्याशुभ्र दगडाचं थडगं उभारलं. वर त्याचाच दगडी पुतळा, छातीशी ढाल, ढालीवर सिंह.

मी धावतच नॉरॉयकडे गेले.

बाजाराच्या दिवशी दवंडी पिटली गेली: जर्व्हेस पोलार्ड खानदानी नाही, त्याला कुळचिन्हाचा हक्क नाही! "मेंढी लाव रे ढालीवर!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा बाजार खिदळला. मला कितीतरी दिवसांनी पोटभर हसू आलं.

चर्चमध्ये नॉरॉयने सिंह फोडायला पाथरवटाला पुढे बोलावलं. मी आडवी आले. "छिन्नी मी धरते. हातोडा माझा भाऊ मारेल."

पोलार्ड घामाघूम होऊन आत घुसला. "अगं बाई, वाटेल ते देतो, पण एवढं करू नको!"

"याचा हात परत दे," मी म्हटलं.

लॅम्बर्टने डाव्या हातात हातोडा उचलला. "ताई, कुठून सुरू करू?"

मी छिन्नी सिंहाच्या उजव्या पंजावर टेकवली.