मालाचं दार

माझ्या हातून झालेली चूक कुठल्याही सुताराच्या हातून झाली असती. लाकडी जमीन घालायची तर मी दारापासून सुरुवात करतो आणि फळीला फळी जोडत आत जातो. काम संपलं की घातलेल्या फळ्यांवरून चालत बाहेर यायचं. रोगणाचं उलटं असतं. ते आतल्या भिंतीपासून लावायला घ्यायचं आणि मागे सरकत दारातून बाहेर पडायचं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आयुष्यभर रोगण बायकोने केलं. या भागातल्या कितीतरी जुन्या घरांच्या जमिनी आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केल्या. लाकूड माझं, रोगण तिचं. मी हत्यारं आवरत असलो की ती ब्रश घेऊन दारात उभी राहायची. "व्हा बाहेर, सुतारबुवा. आता पाऊल टाकलंत तर पाय कापून ठेवीन."

त्या दुपारी मला बाहेर काढायला कुणी नव्हतं. मी दारापाशी गुडघे टेकले, ब्रश बुडवला आणि खाली मान घालून एकेक फळी करत मागे सरकत गेलो. पाठ भिंतीला लागली तेव्हा मान वर केली. खोलीभर रोगण चकाकत होतं आणि दार पार पलीकडच्या टोकाला होतं.

मी स्वतःशीच म्हटलं, "घ्या."

ही खोली आमचीच. पूर्वी इथे बटणांचा कारखाना होता. बिल्डरने त्याची घरं केली, तेव्हा वरचा मजला आम्ही अर्धवट अवस्थेतच घेतला. एक लांबलचक खोली, बाहेर बोळात स्वयंपाकघर आणि मोरी. जमीन आपण सवडीने करू म्हणालो. लोकांकडे आरशासारख्या जमिनी करून द्यायच्या आणि घरी आल्यावर पायातली कुसळं काढत बसायचं. दिव्याखाली अंधार. अजूनही फळ्यांच्या फटीत बटणं सापडतात. बायको ती केसांतल्या आकड्याने उकरून काढायची आणि खिडकीत मांडून ठेवायची. मग ती आजारी पडली आणि जमीन राहिली ती राहिलीच.

मी अडकलो होतो त्या कोपऱ्यातच तिची खाट होती. वारा लागतो म्हणून तिने तिथे मागून घेतली होती. त्या भिंतीत एक मोठं दोन कवाडांचं दार आहे, थेट रस्त्यावर उघडणारं. त्याला जिना नाही की कठडा नाही. कारखान्याच्या काळी माल तिथूनच वर यायचा. दाराच्या वर बाहेर तुळई आहे आणि तुळईला कप्पी. इमारत जुनी म्हणून दार काढायची परवानगी नाही, रंगसुद्धा बदलायचा नाही. आम्ही त्याला मालाचं दार म्हणायचो. ती आजारी पडायच्या आधी आणून ठेवलेल्या माझ्या फळ्याही त्याच दाराने वर आल्या होत्या. ती गेल्यापासून मी त्या कोपऱ्याला पडदा लावला होता आणि स्वयंपाकघरात झोपत होतो. पडदा आज सकाळी काढला, तोही रोगणासाठी.

आता मी तिथेच उभा होतो. इथल्या जुन्या फळ्या मी बदलल्या नव्हत्या; खाटेच्या चार पायांचे चार खळगे त्यांच्यावर तसेच होते. त्यांच्या मधोमध रोगण लागलं नव्हतं, तेवढी जागा माझी. बसलो तर गुडघे जवळ घ्यावे लागत होते. फोन स्वयंपाकघरात होता. खिडक्या लोखंडी चौकटीच्या, कधीच न उघडणाऱ्या. रोगण बायकोने स्वतः कढवलेलं, जवसाचं तेल आणि राळ घालून. ते रात्रभराशिवाय वाळत नाही. तिच्या हातचा तो शेवटचा डबा होता आणि तो मी संपवला होता. त्याच्यावर पाय देणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

आणि संध्याकाळी घर बघायला माणसं यायची होती.

गिऱ्हाईक मुलीने आणलं होतं. "बाबा, एकटे कशाला राहता तिथे? घर विकू या, तुम्ही आमच्याकडे या," असं ती कितीदा म्हणाली. मी प्रत्येक वेळी "बरं" म्हणालो. नाही म्हणायला कारण हवं आणि माझ्याकडे कारण नव्हतं. मला जायचं नव्हतं आणि राहवतही नव्हतं. जमीन झाली की भाव चांगला येईल म्हणाली, म्हणून जमीन करायला घेतली. मनात म्हटलं, जमीन संपेपर्यंत तरी कुणी काढणार नाही आपल्याला. ती आज संपली.

उन्हं कलली तेव्हा मुलगी आली, मागे एक तरुण नवरा-बायको. मुलगी उंबऱ्यावरच थबकली. आईच्या हाताखाली वाढलेली, ओल्या रोगणाचा वास तिला जिन्यातच कळला असणार.

"बाबा? तुम्ही तिकडे काय करताय?"

"बसलोय."

"दिसतंय ते. पण गेलात कसे?"

"रोगण लावत लावत."

मग तिच्या लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात घेतला. हसली की काय, ते एवढ्या लांबून समजलं नाही.

तरुणाने डोकं आत घातलं. "घरासोबत हेही मिळणार का?" तो म्हणाला. त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. "अहो, काहीतरीच काय! काका, मनावर घेऊ नका हं." तिची नजर मात्र माझ्या डोक्यावरून मागे होती. "तेच का ते दार? आम्ही खालून बघितलं. खरं सांगू, आम्हाला घर आवडलं ते त्या दारासाठीच. तिथे काच लावायची, सकाळचं ऊन घ्यायचं. उघडतं ना ते?"

माझ्या खांद्याला दाराचं लाकूड लागत होतं.

"नाही," मी म्हणालो. "उघडत नाही. कुजलंय. हात लावला तर चौकटीसकट खाली जाईल."

"अरेरे," ती म्हणाली.

दोघं बाजूला होऊन कुजबुजली. मग तरुण मुलीला म्हणाला, "बघतो, कळवतो." कळवतो म्हणणारे कळवत नाहीत, हे धंद्यात मी कैकदा बघितलंय. ती दोघं जिना उतरली. घर वाचलं. मला बरं वाटायला हवं होतं, पण छातीवर कुणीतरी गोणी ठेवावी तसं झालं. रोगणाच्या वासाने डोकं जड झालं होतं आणि कोपरा आणखी लहान वाटत होता.

मुलगी गेली नाही. उंबऱ्यावर बसली, चपला काढून. आमच्या मध्ये सगळी ओली खोली.

"कुजलंय?" ती म्हणाली. "सागवानी दार, आणि कुजलंय?"

मी खळग्यावरून बोट फिरवलं.

"बाबा, मी त्या दिवशी खाली उभी होते."

जिना अरुंद आहे आणि मधे वळतो. बायको गेली त्या दिवशी स्ट्रेचर वळेना. न्यायला आलेली माणसं म्हणाली, उभं करून नेऊ. मी म्हटलं, तिला उभी करायची नाही. मग मेहुण्याने, म्हणजे तिच्या भावाने, कप्पीला दोर लावला. तो गवंडी, दोराची गाठ त्याची कधी सुटत नाही. बटणांची पोती जिथून उतरायची तिथून आम्ही तिला खाली सोडलं. वरून आधाराचा दोर मी धरला होता. नंतर दार लावलं आणि हाताला आले तेवढे लांब स्क्रू त्यात पिळले.

"तुम्ही वर दार लावून घेतलंत," मुलगी म्हणाली. "मी रोज त्या रस्त्याने जाते. मान वर केली की तेच दार दिसतं, बंद. मला वाटतं बाबाही त्याच्या मागे बंद आहेत. म्हणून विकायचं म्हणते मी. मला काय घराची हौस आहे?"

"पाय दिला तर तुझ्या आईचं रोगण जाईल," मी म्हणालो.

"मग पाय नका देऊ."

ती एवढंच म्हणाली. मी खिशात हात घातला. सुताराच्या खिशात दुसरं काही नसलं तरी स्क्रूड्रायव्हर असतो. पहिला स्क्रू निघेना, मीच तसा पिळला होता. मग फिरला. बाकीचे एकेक काढून खिडकीतल्या बटणांच्या ओळीखाली जमिनीवर ठेवत गेलो. मुलगी उठली. "थांबा. मी हे दार ओढून घेते. नाहीतर आरपार झोत येईल आणि धूळ बसेल." अगदी तिच्या आईचं बोलणं. तिने बाहेरून दार लावलं आणि मी खोलीत पुन्हा एकटा झालो.

खांदा लावून ढकललं तसं दार कुरकुरलं आणि उघडलं. उजेड आला. वारा तोंडावर आला. मी चौकट घट्ट धरली. समोरच्या घराला गिलावा चालला होता आणि परांचीवर मेहुणा. त्याने मान वर केली.

"भाऊजी! उडी मारताय का काय?"

"दोर टाक. आत ओलं आहे."

"कुठे ओलं? कुणी ओलं केलं?"

"मीच."

तो इतका हसला की थापी हातातून खाली पडली. बहिणीनंतर त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. "ताई असती तर तुम्हाला आत ठेवून बाहेरून कडी घातली असती," म्हणाला आणि दोर आणायला पळाला.

खाली ते नवरा-बायको अजून होते. माझी मुलगीही जिना उतरून त्यांच्याशेजारी आली होती. तरुणी वर बघून ओरडली, "काका, उघडतं की हो!"

"उघडतं," मी म्हणालो. "पण कठडा नाही. काच लावायच्या आधी कठडा करून घ्या. मी करून देईन."

मुलीने माझ्याकडे बघितलं.

मेहुण्याने दोर वर फेकला, मी तो कप्पीवरून खाली सोडला; त्याने बसायला फळी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि फळी वर ओढली. "पोट आत घ्या भाऊजी, फळी जुनी आहे." मी फळीवर बसलो आणि पाय बाहेर सोडले. जायच्या आधी एकदा मागे बघितलं. दारापासून माझ्या पायांपर्यंत सगळी जमीन चकाकत होती. पाऊल उठलेलं नव्हतं. फक्त चार खळग्यांमधला तुकडा कोरडा होता. तो राहू दे म्हटलं.

"सोडू?" खालून मेहुण्याने विचारलं.

दोर ताणला होता. माझे हात चौकटीवर होते.

"सोड," मी म्हणालो आणि चौकट सोडली.